मनगटावरील ग्रंथी आणि तिचे उपचार : बुलढाणा जिल्ह्याच्या वैद्यकेतिहासासंबंधी एक विचार

१. प्रास्ताविक

मनगटाच्या मागील बाजूस, हात खाली वाकविला असता ठळकपणे उठून दिसणारी, बोराएवढी किंवा सुपारीएवढी, गुळगुळीत व ताठर गाठ ही वैद्यांच्या नित्य परिचयाची गोष्ट आहे. तिने मनुष्य दगावत नाही. पुष्कळदा ती दुखतही नाही. कधी वाढते, कधी ओसरते, कधी अकस्मात नाहीशी होते आणि काही महिन्यांनी पुन्हा त्याच जागी दिसू लागते. आधुनिक शल्यशास्त्रात तिला गँगलिऑन म्हणतात. अशा क्षुल्लक विकाराने इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष का वेधून घ्यावे, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

तिचे उत्तर असे. वैद्यकाचा इतिहास आपल्याकडे बहुधा महामारींच्या अनुषंगाने लिहिला गेला. पटकी, देवी, प्लेग व हिवताप यांनी माणसे मारली, शासनास हालविले आणि दप्तरे भरून टाकली. म्हणून त्यांचा इतिहास लिहिणे सुकर झाले. परंतु एखादा उपचार गुणकारी आहे असा समाजाचा समज कसा बनतो, हे पाहावयाचे असेल तर जीवघेण्या रोगापेक्षा असा लहानसा, येणारा-जाणारा विकारच अधिक उपयोगी पडतो. जो विकार निम्म्या रोग्यांत आपण होऊनच नाहीसा होतो, त्यावर केलेला कोणताही उपचार निम्म्या वेळा यशस्वी ठरणारच. ह्या एका साध्या गोष्टीचा विसर पडल्यामुळे दोन सहस्र वर्षांत ह्या गाठीवर किती भिन्न उपचारांना यशाचे श्रेय मिळाले, आणि त्यांपैकी कोणते बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या वाट्यास आले, हे प्रस्तुत लेखात संक्षेपाने पाहावयाचे आहे.

बुलढाणा जिल्हा ह्या विचारास एका विशेष कारणाने अनुकूल आहे. यादवकालीन वैद्यकविद्येचा वारसा सांगणारा प्रदेश, निजामाच्या नावाखालील पण १८५३ पासून इंग्रजांच्या हाती गेलेला वऱ्हाडचा कारभार, आणि उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी अजून टिकून असलेली डाग देण्याची लोकरीत, असे तीन थर येथे एकमेकांस लागून आढळतात.

२. विकाराचे स्वरूप

उपचारांचा विचार करण्यापूर्वी ही गाठ म्हणजे काय, ह्यासंबंधी आज जे निश्चित झाले आहे ते सांगणे अवश्य आहे. सांध्याच्या आवरणातून किंवा स्नायूच्या कंडरेवरील म्यानातून देठासारखा एक मार्ग निघून त्याच्या टोकाशी ही पिशवी तयार होते. तिच्यात पारदर्शक, चिकट, मुरंब्याच्या पाकासारखा दाट द्रव असतो. त्यात हायल्युरॉनिक आम्ल हे मुख्य द्रव्य होय. पिशवीच्या आत खरे अस्तर नसते. म्हणून काटेकोरपणे पाहता तिला गळवाप्रमाणे किंवा खऱ्या कोष्ठाप्रमाणे मानता येत नाही. हातावरील अशा गाठींपैकी सुमारे ६० ते ७० टक्के मनगटाच्या मागील बाजूस, तर १८ ते २० टक्के तळहाताकडील बाजूस होतात. उरलेल्या बोटांच्या मुळाशी किंवा नखाजवळच्या सांध्यावर आढळतात. मागील बाजूची गाठ बहुधा नौकाकार व चंद्राकार अशा दोन लहान अस्थींना जोडणाऱ्या बंधापासून उगम पावते. हा विकार वीस ते चाळीस ह्या वयात विशेष, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिप्पट प्रमाणात दिसतो.

तिच्या कारणासंबंधी मतभेद जुना आहे. अठराव्या शतकात सांध्याचे अस्तर बाहेर ढळून ही पिशवी होते असे मानले गेले. १८९३ साली लेडरहोज ह्या जर्मन पंडिताने, आणि १९२८ साली कार्प व स्टाउट ह्या अमेरिकन संशोधकांनी, सांध्यालगतचे तंतुमय ऊतक चिकट द्रवात परिवर्तित होते असे प्रतिपादन केले. वारंवार ताण पडल्याने ही क्रिया सुरू होत असावी, असा तर्क केला जातो. परंतु सर्व कष्टकऱ्यांना ही गाठ होत नाही आणि कष्ट न करणाऱ्यांना ती होते, हे ध्यानात घेता हा तर्क अद्याप तर्कच आहे.

देठाची ही कल्पना पुढील सर्व विवेचनाची किल्ली आहे. पिशवी फोडली, दाबली वा रिकामी केली, तरी देठ जोवर शाबूत आहे तोवर ती पुन्हा भरू शकते. उलट, काही गाठींचा देठ आपोआप बंद होतो आणि द्रव हळूहळू शोषला जातो; मग रोग्याने काही केले असो वा नसो, गाठ राहत नाही.

३. नावांचा घोटाळा

मराठीत ‘गाठ’ हा शब्द इतका व्यापक आहे की त्यात दोरीच्या गाठीपासून स्तनातील अर्बुदापर्यंत सर्व काही येते. कातडीवर उठणाऱ्या मऊ, न दुखणाऱ्या गोळ्यास जुन्या मराठीत ‘आवाळू’ म्हणत. मानेतील गाठींच्या माळेस ‘गंडमाळ’. पिकणाऱ्या गाठीस ‘गळू’, ‘करट’ किंवा ‘बेंड’. मनगटावरील ह्या विशिष्ट गाठीस मात्र स्वतंत्र असे सर्वमान्य नाव नाही. ही उणीव केवळ भाषेची नाही. ज्या वस्तूस नाव नाही तिची नोंदही होत नाही, ह्याचा प्रत्यय पुढे येईल.

ग्रीक भाषेतील ‘गँगलिऑन’ ह्या शब्दाचाही मूळ अर्थ गाठ असाच असून हिपॉक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांत तो आला आहे. पुढे तोच शब्द मज्जातंतूंवरील फुगीर भागासही लावला गेला. शल्यशास्त्रात त्याहून मोठा घोटाळा ‘संयुक्त गँगलिऑन’ ह्या नावाने झाला. तळहात व मनगट यांत पसरणारी, एकीकडे दाबली असता दुसरीकडे फुगणारी, आत तांदळाच्या दाण्यांसारखे कण असणारी ही सूज प्रथम १७७७ साली अॅक्रेल ह्या स्वीडिश शल्यविशारदाने वर्णिली असे मानतात. ती बहुधा कंडरेच्या म्यानास झालेला क्षय असते. कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवून दिल्यावर आणि १९४० नंतरच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन हाती आल्यावर तिचा उपचार संपूर्णपणे निराळा झाला. परंतु नाव तेच राहिले. एक निरुपद्रवी आणि एक हात निकामी करणारा, असे दोन विकार एका नावाखाली वावरत असता त्यांवर एकच लोकोपचार होणे किती अनर्थकारक आहे, हे निराळे सांगावयास नको. क्षयाचा प्रादुर्भाव असलेल्या आपल्या देशात हा भेद पुस्तकी राहत नाही.

४. संहिताकारांचा विचार

सुश्रुताने निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचे एकत्र विवेचन केले आहे. दोषांनी मांस, रक्त व मेद यांना कफासह दूषित करून जी गोल, उंच व गुंफल्यासारखी सूज उत्पन्न होते ती ग्रंथी, अशी त्याची व्याख्या आहे. त्याने ग्रंथीचे पाच प्रकार मानले: वातज, पित्तज, कफज, मेदोज व सिराज. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात ते नऊ केले. मनगटावरील आपली गाठ ह्यांपैकी नेमकी कोणती, हे ठरविण्याचा मोह टाळणे बरे. कफज ग्रंथी दगडासारखी कठीण, त्वचेच्याच वर्णाची, अल्पवेदना देणारी व सावकाश वाढणारी सांगितली आहे. मेदोज ग्रंथी शरीराबरोबर वाढते व घटते. सिराज ग्रंथी दुर्बल मनुष्याच्या अतिश्रमाने होते. तीनही वर्णनांत आपल्या गाठीचे काही ना काही लक्षण आहे, परंतु तीनांपैकी एकाशी तिचे पूर्ण ऐक्य नाही. प्राचीन वर्गीकरण दोषांवर उभारलेले आहे, आधुनिक वर्गीकरण ऊतकांवर. एकाचे खाने दुसऱ्यावर बसविले की दोन्ही बिघडतात.

उपचारांची गोष्ट वेगळी आहे, कारण क्रिया ही क्रियाच असते. चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात कफज ग्रंथीस शेक दिल्यानंतर अंगठ्याने, लोखंडाने, दगडाने किंवा वेळूच्या दांड्याने चोळून-दाबून ती विरवावी असे सांगितले आहे. ह्या क्रियेस ‘विम्लापन’ म्हणतात. मेदोज ग्रंथीवर तिळाचा कल्क लावून, वर दुहेरी कापड घालून, तापविलेले लोखंड त्यावरून पुनःपुन्हा फिरवावे, पण ते न भाजेल अशा बेताने, अशी सूचना आहे. जी ग्रंथी शमत नाही व जी मर्मस्थानी नाही, ती न पिकताच छेदून काढावी आणि रक्त थांबल्यावर अग्नीने डागावी, असाही विधी दिला आहे.

येथे ‘मर्मस्थानी नाही’ ही अट विशेष महत्त्वाची आहे. सुश्रुताच्याच शारीरस्थानात मणिबंध, म्हणजे मनगट, हे संधिमर्म मानले असून त्याची गणना वेदना देणाऱ्या मर्मांत केली आहे. तेथे आघात झाल्यास हात अकार्यक्षम होतो, असे म्हटले आहे. ही दोन वचने एकत्र वाचली तर मनगटावरील ग्रंथी छेदनास वर्ज्य ठरून चोळणे, दाबणे व शेकणे एवढेच उपाय शिल्लक राहतात. हा निष्कर्ष ग्रंथकाराने स्वमुखाने सांगितलेला नाही, तो प्रस्तुत लेखकाचा आहे. तथापि तो ग्रंथाच्या रचनेस धरून आहे असे वाटते. मनगटावर शस्त्र चालविल्यास आखडलेपणा येतो ही भीती आजच्या शल्यविशारदासही अपरिचित नाही.

ह्याच अध्यायात आणखी एक विधी आहे, त्याचा घोटाळा होऊ नये. अपचीच्या, म्हणजे मान, काख इत्यादी ठिकाणच्या गाठींच्या, निवारणार्थ मनगटाच्या वर एकेक अंगुळाच्या अंतराने तीन रेषांचा डाग द्यावा असे तेथे सांगितले आहे. हा डाग मनगटावरील गाठीसाठी नव्हे. रोग एकीकडे व डाग दुसरीकडे अशी ती योजना आहे. मनगटावर जुन्या डागांच्या खुणा असलेली व्यक्ती आढळल्यास तिला तेथे गाठ होती असे अनुमान करणे म्हणूनच चुकीचे ठरेल.

५. वऱ्हाडातील वैद्यकपरंपरा

ह्या संहिता वऱ्हाडात वाचल्या जात होत्या ह्यास स्वतंत्र पुराव्याची गरज फारशी भासत नाही. देवगिरीच्या महादेव व रामचंद्र ह्या यादव राजांचा मंत्री हेमाद्री याने अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. मेहकर, लोणार व आसपासच्या भागांत जी जुनी पाषाणमंदिरे ‘हेमाडपंती’ म्हणून ओळखली जातात त्यांच्याशी लोकांनी ज्याचे नाव जोडले तोच हा पुरुष होय. ती सर्व त्याने बांधली असे मात्र नव्हे. त्याच्या आश्रयास असलेला बोपदेव हा केशव नावाच्या वैद्याचा पुत्र. केशवाने औषधी व आहारद्रव्यांच्या गुणांवर ‘सिद्धमंत्र’ रचला आणि बोपदेवाने त्यावर ‘प्रकाश’ ही टीका केली. ह्या घराण्याचा संबंध परंपरा वरदातीराशी, म्हणजे वर्धा नदीच्या प्रदेशाशी, जोडते. तात्पर्य, तेराव्या शतकात विदर्भ हा आयुर्वेदीय पांडित्याचा सीमाप्रदेश नव्हता, तर त्याच्या केंद्रांपैकी एक होता.

परंतु ग्रंथ असणे व गावातील मनुष्यास त्याप्रमाणे उपचार मिळणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. ग्रंथ संस्कृतात होते. पाटी-पेन्सिलही न पाहिलेल्या कुणबिणीच्या मनगटापर्यंत त्यांतील विधी कोणत्या वाटेने पोचला, किंवा पोचलाच नाही, हे ग्रंथावरून कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गणेश कृष्ण गर्दे यांचा ‘सार्थ वाग्भट’ आणि पुढे शंकर दाजीशास्त्री पदे यांचे लेखन यांमुळे ही विद्या मराठी वाचकाच्या हाती आली, हा एक मोठा टप्पा होय. त्यानंतरच्या घरगुती उपचारांत जे ग्रंथासारखे दिसते, ते प्राचीन परंपरेने आले की छापील पुस्तकाने, हे प्रत्येक वेळी तपासून पाहिले पाहिजे.

अशाच सावधगिरीची आवश्यकता लोणारच्या संबंधात आहे. लोणारच्या सरोवराचे पाणी अत्यंत खारे व क्षारयुक्त असून तेथून निघणाऱ्या क्षारांचा काच व साबण यांसाठी उपयोग होत असल्याचा उल्लेख सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ऐने-अकबरीत मेहकर सरकारच्या वर्णनात आला आहे. सुश्रुताने ग्रंथी-अर्बुदादींवर क्षारकर्म सांगितलेले आहे. तेव्हा लोणारचा क्षार गाठींवर वापरला जात असणार, असा अंदाज कोणासही सुचेल. परंतु सुश्रुताचा क्षार हा पळसादी वृक्षांच्या राखेपासून, शंख-चुन्याच्या साहाय्याने सिद्ध केलेला असतो; सरोवरातील खनिज क्षार तो नव्हे. जिल्ह्यात पळस विपुल आहे, हे खरे. पण स्थानिक अभिमानास आवडेल असा दुवा पुराव्यावाचून जोडणे म्हणजे इतिहास नव्हे.

६. युरोपातील उपचार

तुलनेसाठी युरोपकडे वळले असता तेथेही हाच क्रम दिसतो, आणि तो आपल्याकडे इंग्रजी दवाखान्यांच्या द्वारे येऊन पोचला म्हणून त्याची ओळख आवश्यक आहे. पहिल्या शतकातील सेल्ससने गँगलिऑनचा समावेश इतर आवाळूंबरोबर केला. अठराव्या शतकातील हाइस्टर हा जर्मन शल्यविशारद सकाळच्या उपाशीपोटीच्या लाळेने गाठ चोळणे व वर शिशाचा पत्रा अनेक आठवडे बांधून ठेवणे हे उपाय नोंदवितो; काही लोक ह्या कामी रानटी जनावरास, विशेषतः सांबरासारख्या हरणास, मारलेली बंदुकीची गोळी पसंत करीत, हेही तो सांगतो. इंग्लंड-अमेरिकेत घरातील सर्वांत जड पुस्तक म्हणजे बायबल. त्याचा प्रहार करून गाठ फोडण्याची रीत इतकी रूढ होती की ह्या विकाराचे एक लौकिक नावच बायबलवरून पडले.

अंगठा, लोखंड, दगड व वेळू. शिसे, गोळी व धर्मग्रंथ. साधने निराळी, पण क्रिया एकच: बाहेरून दाब देऊन पिशवी फोडणे. त्यात यश मिळे तेव्हा श्रेय साधनास दिले जाई, म्हणजे कोठे लाळेस, कोठे धर्मग्रंथास. अपयश येई तेव्हा ‘ही गाठ हट्टी आहे’ असे म्हटले जाई. देठ उघडा राहिला की मिटला, हा खरा प्रश्न कोणासच दिसत नव्हता.

शस्त्रक्रिया टाळण्यास त्या काळी सबळ कारणही होते. लिस्टरने १८६७ साली जंतुनाशक पद्धती प्रसिद्ध करीपर्यंत सांध्याशी जोडलेली पिशवी उघडणे म्हणजे सांध्यात पू होण्यास वाट करून देणे होते, आणि त्यात हातच नव्हे तर प्राणही जाई. म्हणजे मर्माच्या कल्पनेने जे सुश्रुताने वर्ज्य मानले तेच पुवाच्या भीतीने युरोपनेही वर्ज्य मानले. दोघांचीही उपपत्ती आज आपण स्वीकारीत नाही; दोघांचीही सावधगिरी मात्र त्या काळास योग्यच होती.

७. दप्तराचे मौन

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल सर्जन व तालुक्यांच्या ठिकाणी दवाखाने अशी व्यवस्था हळूहळू उभी राहिली. ह्या दवाखान्यांचे वार्षिक अहवाल निघत. तथापि आपल्या विषयापुरते ते जवळजवळ मूक आहेत, आणि त्या मौनाची कारणे अभ्यासकाने समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण वर्गवारीचे. विकारांची गणना मोठ्या गटांत होत असल्याने मनगटाची गाठ इतर किरकोळ विकारांत बुडून जाते. दुसरे कारण राज्यकर्त्यांच्या दृष्टीचे. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनी व त्यानंतरच्या प्लेगाने पोळलेल्या प्रदेशात न दुखणाऱ्या गाठीची दखल कोण घेणार? तिसरे कारण स्त्रियांचे. हा विकार स्त्रियांत तिप्पट आढळतो, हे वर आलेच आहे. परंतु पुरुष डॉक्टरापुढे हात पुढे करण्यासही त्या काळची पुष्कळ स्त्री संकोचे. १८८५ साली स्थापन झालेल्या डफरिन निधीचा हेतूच ही अडचण दूर करणे हा होता, आणि अमरावतीचे स्त्री-रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी ‘डफरिन’च आहे. बुलढाण्याच्या खेड्यातील स्त्रीस मात्र ते लांबच होते. म्हणून दवाखान्याच्या नोंदीत ज्यांना हा विकार अधिक, त्यांचीच संख्या कमी असणार, हे गृहीत धरून चालले पाहिजे.

चौथे कारण केवळ हिशेबाचे, पण फसवे आहे. १९०५ साली वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना होऊन खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्यातून बुलढाण्यात आले. त्या वर्षाच्या अलीकडील व पलीकडील आकडे एकाच जिल्ह्याचे म्हणून शेजारी मांडले तर रुग्णसंख्येत वाढ दिसेल. ती रोगाची नव्हे, सीमारेषेची असेल.

८. विसाव्या शतकातील परीक्षा

विसाव्या शतकात निर्जंतुक शस्त्रक्रिया व भूल सर्वत्र उपलब्ध झाल्यावर तीन मार्ग रूढ झाले. पहिला, सुईने द्रव काढून घेणे. १९५० नंतर त्याच सुईने स्टेरॉइड टोचण्याची जोड त्यास मिळाली. दुसरा, गाठ देठासह कापून काढणे. १९७६ साली अँजेलिडिस व वॉलेस यांनी ३४६ शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध करून दाखविले की सांध्याच्या बंधापर्यंतचा देठ संपूर्ण काढला तर गाठ सुमारे १ टक्का रोग्यांतच परतते. तिसरा, दुर्बिणीने सांध्यात प्रवेश करून आतूनच देठ काढणे. ऑस्टरमन व राफाएल यांनी १९९५ साली हा मार्ग प्रसिद्ध केला.

परंतु आमच्या मते सर्वांत महत्त्वाची परीक्षा ह्या तिहींपैकी कोणतीच नव्हे. ती इंग्लंडमधील लेस्टर येथे झाली. मनगटाच्या मागील बाजूच्या गाठींचे तेथील रोगी सुमारे सहा वर्षांनी पुन्हा तपासले असता, सुईने द्रव काढलेल्यांपैकी ५८ टक्के व शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ३९ टक्के रोग्यांत गाठ परतली होती, असे २००७ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्यावर काहीच उपचार केला नव्हता, त्यांतील जवळजवळ निम्म्यांची गाठ आपोआप गेली होती. तळहाताकडील गाठींसंबंधी २००३ साली तेथूनच प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या पाहणीतही उपचारावाचून नाहीशा झालेल्या गाठींचे प्रमाण ५१ टक्के होते.

२०१५ सालच्या एका व्यापक समालोचनात पुनरुद्भवाचे सरासरी प्रमाण सुईने ५९, उघड्या शस्त्रक्रियेने २१ व दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ६ टक्के असे आले. उलट उपद्रवांचे प्रमाण सुईने ३ तर उघड्या शस्त्रक्रियेने १४ टक्के होते. १, २१ व ३९ हे शस्त्रक्रियेचे तीन आकडे परस्परांशी जुळत नाहीत, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. शस्त्रक्रिया कोणाच्या हातची, रोगी किती काळ पाहिले, हरवलेले रोगी कोणत्या बाजूस मोजले, ह्यांवर हे अंतर अवलंबून असते. इतिहासाच्या साधनांप्रमाणेच वैद्यकाच्या आकड्यांचीही साधनचिकित्सा करावी लागते, एवढाच त्याचा बोध.

लेस्टरच्या अभ्यासात आणखी एक मार्मिक गोष्ट आढळली. गाठ परत आली तरी शस्त्रक्रिया केलेल्या रोग्यांचे समाधान अधिक होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत रोग्यांना ते दवाखान्यात का आले असे विचारले असता ३८ टक्क्यांनी गाठ विद्रूप दिसते म्हणून, तर २८ टक्क्यांनी ही कर्करोगाची तर नव्हे ना ह्या भीतीने आलो, असे सांगितले. म्हणजे पुष्कळांस उपचार हवा असतो तो गाठीवर नव्हे, तर शंकेवर. हाइस्टरच्या शिशाने, वेळूच्या दांड्याने व बायबलच्या प्रहाराने ही शंका दूर होत असे. त्यांच्या टिकाऊपणाचे रहस्य काही अंशी येथेही असावे.

९. बुलढाण्याच्या दृष्टीने

आता ह्या सर्वांचा बुलढाणा जिल्ह्याशी असलेला जिवंत संबंध पाहू. जिल्ह्याच्या उत्तरेकडील जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके सातपुड्यास व मेळघाटास लागून आहेत. मेळघाटात अर्भकाचे पोट फुगल्यास तापल्या लोखंडाने डाग देण्याची ‘डंबा’ ही रीत अगदी अलीकडेपर्यंत चालू असल्याचे सर्वश्रुत आहे. अशा रीतीचे समर्थन कधी कधी ‘हे तर आपल्या ग्रंथांतील अग्निकर्म’ असे म्हणून केले जाते. वर आपण पाहिले की सुश्रुताने मेदोज ग्रंथीवर कापडाच्या दुहेरी घडीवरून, न भाजता, तापले लोखंड फिरविण्यास सांगितले. आणि छेदनोत्तर डाग मर्मस्थान वगळून सांगितला. मनगटाच्या उघड्या त्वचेवर सरळ डाग देणे ह्या दोन्ही नियमांविरुद्ध आहे. परंपरेच्या नावाने जे चालते ते परंपरेच्या ग्रंथांस मान्य आहेच असे नाही, हे दाखवून देणे हे इतिहासकाराचेच काम आहे. डॉक्टराच्या निषेधापेक्षा त्याचा उपयोग काही ठिकाणी अधिक होईल.

धोका तीन ठिकाणी आहे. तळहाताकडील गाठ बहुधा ज्या धमनीवर आपण नाडी पाहतो तिला चिकटलेली असते. तेथे प्रहार, डाग किंवा अजाण सुई घातक होऊ शकते. दुसरे, जी सूज संयुक्त गँगलिऑनच्या रूपाने प्रत्यक्षात क्षय असते, तिला दाबून-फोडून महिने वाया घालविले तर बोटे आखडतात. तिसरे, विदर्भात दीर्घकाळ ठाण मांडून बसलेल्या कुष्ठरोगात मनगटाजवळचा मज्जातंतू जाड होतो. ती दोरीसारखी लांबट सूज असते, गोल गाठ नव्हे, पण अनभिज्ञ हातास हा फरक कळत नाही. खरी गँगलिऑनची गाठ अंधारात विजेरी धरली असता प्रकाश आरपार दाखविते. शंका उरल्यास ध्वनिलहरींच्या चित्राने निर्णय होतो. एवढी तपासणी झाल्यावर जी गाठ दुखत नाही, कामास अडत नाही, तिला तसेच राहू देणे हा आळस नव्हे, तो विचारपूर्वक निवडलेला उपचार आहे. जी दुखते, मूठ आवळू देत नाही, ती देठासह काढून घ्यावी. परतण्याची शक्यता रोग्यास आधी सांगावी. खुरपे, कोयता किंवा दुधाची धार यांवर ज्यांचा दिवस अवलंबून आहे त्यांना शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे हात जपावा लागणे म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी बुडणे होय, ही गोष्ट पाश्चात्य कोष्टकांत कोठेच दिसत नाही. पण येथील निर्णयात तिचे वजन मोठे आहे.

१०. उपसंहार

पूर्वी वऱ्हाडातील रोग्यास उच्च वैद्यकासाठी नागपूर गाठावे लागे. तेथील रॉबर्टसन मेडिकल स्कूल १९१४ साली सुरू झाले व १९४७ साली नागपुरात वैद्यकीय महाविद्यालय आले. २०२४ साली खुद्द बुलढाण्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा आरंभ झाला. ह्या निमित्ताने इतिहास व वैद्यक ह्या दोन शाखांच्या विद्यार्थ्यांस एकत्र करता येण्याजोगे एक काम सुचवून हे विवेचन संपवितो. जिल्ह्याच्या १३ तालुक्यांतील वृद्ध स्त्री-पुरुषांकडून साध्या प्रश्नांची उत्तरे मिळवावी: ह्या गाठीस तुम्ही काय म्हणता, ती चोळीत की बांधीत, नाणे बांधीत की डाग देत, कोणाच्या हातून, आणि जिच्यावर काहीच केले नाही तिचे काय झाले. शेवटचा प्रश्न विसरू नये. कारण उपचारांच्या कथा लोक सांगतात, उपचार न करता बऱ्या झालेल्यांची कथा कोणी सांगत नाही. आणि नेमक्या त्या न सांगितलेल्या कथांवाचून इतर सर्व कथांचे मोल ठरविता येत नाही.